बटण दाबताच उघडणारा फौजी धाटणीचा चाकू: संग्रहाला आणि रोजच्या खिशाला, नागपुरात काय करावं?

फुटाळ्याचा_वारा (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. दिवाळीत मावसभाऊ अमेरिकेतून येतोय आणि "तुला काय आणू" असं विचारतोय. मला चाकूंचं वेड आहे हे घरी सगळ्यांना माहीत आहे. साधे फोल्डिंग आहेत माझ्याकडे, पण ऑटोमॅटिक एकही नाही. म्हणजे बटण दाबलं की स्प्रिंगने पातं उघडून लॉक होणारा. त्यातही ती फौजी धाटणीची मॉडेलं डोक्यात बसली आहेत: गर्बरचा ०६ ऑटो, बेंचमेडची मूळ सैन्यासाठी काढलेली मालिका, आणि समोरून पातं बाहेर येणारा मायक्रोटेकचा अल्ट्राटेक. काळी अ‍ॅनोडाइज केलेली अ‍ॅल्युमिनियमची मूठ, मागे काच फोडायचं टोक, खिशाला लावायची क्लिप.

मी बुटीबोरी एमआयडीसीत कामाला आहे. दिवसभर खोके उघडणं, पॅकिंगच्या पट्ट्या कापणं, केबल टाय तोडणं चालूच असतं. तर रोज वापरायला हा प्रकार खरंच कामाचा आहे, की शोकेसमध्येच बरा? बाजूने उघडणारा घ्यावा की समोरून येणारा? आणि कायद्याचं काय? नऊ इंचांच्या आत असलं की चालतं असं ऐकून आहे.

बावाजी_इतवारी | शनिवार, रात्री ९:३०

काय भाऊ, नागपुरात राहून चाकू मागून राह्यले. आपलं संत्रं त बोटानंच सोलते, साल आपोआप सुटते त्याची. खोके फोडाले गाडीची चाबी हाये. आन् अंधारात खिशातून "खट्ट" आवाज आला, तं शेजारचा पोट्टा पळून जाईन ना बे.

असो. वाचून राह्यलो. काका लोक येऊ द्या.

डॅलसवासी_धंतोली | रविवार, पहाटे ५:४८

मूळ धंतोलीचा, आता टेक्सासात. माझ्याकडे दोन्ही प्रकार आहेत म्हणून लिहितो. इकडेही हे कायम मोकळं नव्हतं. टेक्सासने ऑटोमॅटिक चाकू बंदीच्या यादीतून २०१३ मध्ये काढले. संपूर्ण देशाचा १९५८ चा कायदा अजून आहे. तो मुख्यतः एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या व्यापारावर आहे. त्यात सैन्याला सूट आहे, आणि एकच हात असलेल्या माणसालाही आहे, पण पातं तीन इंच किंवा त्याहून लहान हवं. "आर्म्ड फोर्सेस ओन्ली" अशा नावाने मॉडेलं निघाली ती या सूटीमुळे. पुढे त्याच नावाचं कुतूहल होऊन सामान्य लोक ती शोधायला लागले.

वापराचं सांगतो. समोरून येणाऱ्याचं खेळणं मस्त. टीव्ही बघताना उघड-मीट, उघड-मीट, बायको वैतागते. पण कामाला बसलो की पातं किंचित हलतं. नवाकोराही हलतो. खिशातला कापसाचा मळ आत गेला की अर्ध्यावर अडकतो. बाजूने उघडणारा जास्त घट्ट आहे, खोक्यांना तोच काढतो. खरं सांगू का, अंगठ्याने ढकलून उघडायचा साधा फोल्डिंग बेअरिंगवर तितक्याच वेगाने उघडतो. डोळे मिटून दिलात तर मला फरक सांगता येणार नाही.

फुटाळ्याचा_वारा | रविवार, सकाळी ८:०५

धन्यवाद दादा. पातं हलतं ते कारागिरीची कसर म्हणून, की रचनाच तशी आहे? टूलरूमवाले काका, तुमची वाट बघतोय.

टूलरूमवाले_काका | रविवार, सकाळी ११:२०

आलो. पूजा, नाश्ता उरकून बसलो आहे, थोडं लांबेल.

आयुष्य जिग-फिक्स्चर, डाय आणि पंच यात गेलं. त्यामुळे मला या चाकूंत धारेपेक्षा यंत्रणेचं जास्त कौतुक. आधी बाजूने उघडणारा घेऊ. पातं ज्या पिनवर फिरतं तिच्याभोवती टॉर्शन स्प्रिंग असते. पातं मिटताना तुम्ही ती स्प्रिंग पिळता, म्हणजे बंद चाकू हा भरलेला चाकू. त्याला धरून ठेवतं ते बटण. बाहेरून बटण दिसतं, आत ती पायरी काढलेली गोल पिन असते, खाली छोटी स्प्रिंग. पात्याच्या बुडाला खाच असते. पिनचा जाड भाग खाचेत बसला की पातं हलत नाही. बटण दाबलं की पिनचा बारीक भाग खाचेसमोर येतो, पातं सुटतं, फिरून स्टॉप पिनवर आपटतं, आणि त्याच क्षणी बटण वर उसळून दुसऱ्या खाचेत बसतं. एकच पिन बंद असताना कुलूप आणि उघडल्यावरही कुलूप. हे डोकं ज्याचं चाललं त्याला माझा नमस्कार.

सगळी मेख त्या खाचेच्या उतारात आहे. उतार जास्त तर दाब आला की पिन सरकते आणि लॉक सुटतं. उतार फारच कमी, तर पिन अडकून बसते, बटण दाबायला ताकद लागते. शिवाय वापरून खाच झिजली तर पिन थोडी आणखी आत जाऊन बसली पाहिजे, तेवढी जागा सोडावी लागते. स्वस्त नकलांमध्ये हीच जागा चुकते. वरून हुबेहूब, आतून खाच मऊ. काही महिन्यांत पातं वरखाली हलायला लागतं.

खिशात चुकून बटण दाबलं गेलं तर काय, हा प्रश्न रचना करणाऱ्यालाही पडतो. म्हणून बऱ्याच मॉडेलांत सरकतं सेफ्टी असतं. टोक वर ठेवून खिशात लावायचा ऑटो आणि त्याला सेफ्टी नाही, असला चाकू मी फुकटही घेणार नाही. मांडी आपली आहे.

समोरून येणाऱ्याचं गणित वेगळं. ज्याच्या एकाच खटक्याने पातं बाहेरही जातं आणि आतही येतं, त्यात विश्रांतीच्या वेळी स्प्रिंग ताणलेली नसते. खटका सरकवता तेव्हा तुमचा अंगठाच स्प्रिंग ताणतो, एका ठिकाणी आकडा सुटतो आणि पातं निघतं. शेवटचा थोडा प्रवास ते नुसत्या झोकावर करतं आणि टोकाला दुसऱ्या आकड्यात अडकतं. म्हणून वाटेत काही आडवं आलं तर पातं तिथेच थांबतं, रुळावरून उतरल्यासारखं लोंबतं. हाताने ओढून परत आकड्यात बसवावं लागतं. आता फुटाळाभाऊंच्या प्रश्नाकडे, पातं का हलतं. पातं झोकावर मोकळं धावायचं तर दोन्ही बाजूंना फट हवी. फट आहे म्हणजे हलणार. फट कमी केली तर अडकणार. चांगला कारखाना ही फट कमीत कमी ठेवतो, शून्य कोणीच करू शकत नाही. बेंचमेड असो की मायक्रोटेक.

स्प्रिंग कायम पिळलेली राहिली तर मरते का, हे पुढे कोणीतरी विचारणारच. नीट पाणी दिलेली (तापवून-थंड करून कडक केलेली) स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने फारशी थकत नाही. ती थकते उघड-मीट केल्याने. टीव्ही बघणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

डॅलसवासी_धंतोली | रविवार, सकाळी ११:४१

नोंद घेतली काका. बायकोला वाचून दाखवलं, ती तुमच्या बाजूने आहे.

कामठीकर_फौजी | रविवार, दुपारी ४:०२

राम राम. "फौजी धाटणी" या शब्दावर बोलतो, कारण त्यात दुकानदारी फार आहे.

फौजेत या प्रकाराचा खरा उपयोग एकच झाला: एका हाताने दोऱ्या कापणं. पॅराशूटवाला झाडात लटकला, एक हात अडकलाय, दुसऱ्या हाताने चाकू काढून उघडायचा आहे. दातांनी पातं ओढण्याची सोय नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन छत्रीधारी सैनिकांकडे एम-२ नावाचा बटणदार चाकू असायचा. त्यांच्या जंप जॅकेटला गळ्याजवळ त्यासाठी वेगळा चेन लावलेला खिसा होता, कोणत्याही हाताने उघडता येईल असा. जर्मनांनी १९३७ पासून दुसरा मार्ग काढला. त्यांचा चाकू स्प्रिंगवर नव्हता. खटका दाबून हात खाली केला की पातं वजनाने घसरून बाहेर. पुढे अमेरिकन वायुदलाने एमसी-१ दिला. त्याची मूठ भडक नारिंगी, एक पातं बटणावर उघडणारं, दुसरं आकड्यासारखं वळलेलं, पॅराशूटच्या दोऱ्या कापायला. कॅमिलस आणि श्रेड या कंपन्यांनी ते बनवले. नारिंगी रंग कशाला, तर गवतात पडला तर दिसावा. आता बाजारात "मिलिटरी" म्हणून जे विकतात ते सगळं काळंकुट्ट असतं. खऱ्या जीव वाचवणाऱ्या चाकूचा रंग नेमका उलटा होता, हे लक्षात घ्या.

आपल्याकडे जुन्या लोकांना ठाऊक असलेला फौजी चाकू म्हणजे क्लास्प नाईफ. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला. जाड पातं, डबा उघडायचं हत्यार आणि दोरीच्या गाठी सोडवायचा जाडजूड सुळा. नखाने ओढून उघडायचा. दिसायला अगदी बैल, पण तुटत नाही. कामठी छावणीत लहानपण गेलेल्यांच्या घरी एखादा सापडेलच.

हल्लीच्या मॉडेलांचं: टांटो टोक (छिन्नीसारखं कोनात तासलेलं), अर्धी धार दातेरी, मागे काच फोडायचा खिळा. दातेरी धार पट्टे आणि दोऱ्यांना उत्तम, पण घरच्या साध्या दगडावर धार लावणं कठीण. टांटो टोकाने पॅकिंगची पट्टी कापता येते, फळ चिरताना मात्र वैताग. काच फोडायचा खिळा गाडीच्या बाजूच्या काचेवर चालतो, पुढच्या काचेवर नाही, कारण पुढची काच थरांची असते. रोजच्या खिशात तो खिळा चाव्यांना, मोबाईलला आणि कारच्या सीटला ओरखडे काढतो.

बावाजी_इतवारी | रविवार, दुपारी ४:२५

फौजीभाऊ, तुमी त पूर्ण दुकानच बंद करून टाकलं.

फुटाळ्याचा_वारा | रविवार, संध्याकाळी ७:१०

वाचून मजा आली. एमसी-१ चं नाव ऐकलं नव्हतं, आता तोच हवासा वाटतोय. पण कायद्याचं अजून कोणी बोललं नाही. ०६ ऑटोचं पातं साधारण साडेतीन इंचांचं आहे. नऊ इंच कुठे आणि साडेतीन कुठे. म्हणजे प्रश्नच नाही ना?

सिव्हिल_लाइन्सचा_वकील | रविवार, रात्री १०:३५

प्रश्न आहे. हा नऊ इंचांचा आकडा अर्धवट फिरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ही माहिती आहे, कुणाच्या प्रकरणातला सल्ला नाही.

नऊ इंच लांब किंवा दोन इंच रुंद, ही मर्यादा शस्त्र नियमांच्या परिशिष्टातल्या पाचव्या वर्गात येते. आधी १९६२ चे नियम होते, आता २०१६ चे आहेत. त्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले आणि या मापापेक्षा मोठी पाती असलेले चाकू येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळली आहेत. लोक एवढंच वाचतात आणि थांबतात.

मूळ शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या व्याख्येत, हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेली किंवा तशी बदललेली वस्तू म्हणजे शस्त्र, असं म्हटलं आहे. धारदार हत्यारं त्यात आली. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापराची वस्तू बाहेर. आता तुमच्या चाकूचा डबा डोळ्यांसमोर आणा. त्यावर काय छापलेलं असतं? "कॉम्बॅट", "टॅक्टिकल", सैनिकाचं चित्र. स्वयंपाकघरातली सुरी लांबीने दुप्पट असली तरी तिच्यावर असं कोणी छापत नाही. जाहिरातीतली जी भाषा तुम्हाला भुरळ घालते तीच उद्या सरकारी वकील वाचून दाखवेल. आणि हवालदाराने विचारलं की काही जण मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात, "स्वसंरक्षणासाठी ठेवलाय साहेब." व्याख्येत बचाव हा शब्द आहे. तुम्ही स्वतःच तो चाकू शस्त्रात बसवून दिला.

पुढे कलम ४. केंद्र सरकार एखाद्या भागासाठी अधिसूचना काढून ठरावीक प्रकारच्या शस्त्रांना परवाना सक्तीचा करू शकतं. दिल्लीची १९८० ची अधिसूचना प्रसिद्ध आहे. तिच्यात स्प्रिंगचे, गरारीदार (दात्यांच्या खटक्यांनी उघडणारे), बटणदार आणि यांत्रिक रीतीने उघडणारे चाकू नावानिशी आहेत, पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद असेल तर. म्हणजे तीन इंच. तुमचा साडेतीन इंचांचा ०६ ऑटो दिल्लीत घेऊन उतरलात तर थेट त्या वाक्यात बसतो. नऊ इंचांचा नियम तिथे उपयोगाला येत नाही.

नागपूरचं बघा. स्थानिक पेपरात चौकोनी बातम्या येतात ना, "संशयावरून थांबवून झडती घेतली असता कमरेला चाकू मिळून आला", त्यांचा शेवट ठरलेला असतो: भारतीय हत्यार कायदा कलम ४/२५, सहकलम १३५ महाराष्ट्र पोलीस कायदा. यातलं २५ हे शिक्षेचं कलम, आणि १३५ म्हणजे त्याच पोलीस कायद्यातल्या कलम ३७ च्या मनाई आदेशाचा भंग. पोलीस आयुक्त सार्वजनिक शांततेसाठी शस्त्रं, चाकू, काठ्या, लाठ्या बाळगायला मनाई करू शकतात. त्या कलमात चाकूची लांबीच दिलेली नाही. मारबत, दीक्षाभूमीचा सोहळा, हिवाळी अधिवेशन, निवडणुका: आपल्या शहरात बंदोबस्ताचे दिवस काही कमी नाहीत, आणि त्या दिवशी आदेश लागू आहे की नाही हे घरून निघताना कोणी तपासत नाही.

शेवटी भाऊ आणणार ते. शस्त्र कायद्याच्या कलम १० प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र देशात आणता येत नाही. हा चाकू शस्त्र आहे की अवजार, हा वाद विमानतळावर कस्टम अधिकाऱ्यासमोर उभा राहून घालायचा. लांबच्या प्रवासाने थकलेल्या माणसाला तो घालायला लावू नका.

घाटरोड_८८ | सोमवार, सकाळी ९:१५

वकीलसाहेब, फार घाबरवता तुम्ही. मी कितीतरी वर्षं खिशात फोल्डिंग घेऊन फिरतो. मेट्रोच्या तपासणीतही एकदा दाखवला, "कामाचा आहे" म्हटलं, सोडलं. पातं लहान असेल आणि तुम्ही सभ्य माणूस असाल तर कोणी काही करत नाही. कायदा गुंडांसाठी आहे.

सिव्हिल_लाइन्सचा_वकील | सोमवार, दुपारी १:५०

घाटरोडसाहेब, तुमचा फोल्डिंग बटणदार आहे का? नसेल तर आपण वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलतोय. नखाने उघडायचा, बाटलीचं ओपनर आणि कात्री असलेला चाकू पाहून पोलिसाच्या डोक्यात एक चित्र येतं. बटण दाबून "खट" उघडणारा काळा चाकू पाहून दुसरं येतं, आणि ते चित्र त्याने आपल्या हयातीत हजार पंचनाम्यांत लिहिलेलं असतं. न्यायालयात तुम्ही सुटाल, कदाचित चांगल्या पद्धतीने सुटाल. तोपर्यंत चाकू मुद्देमालात आणि तुम्ही तारखांना.

घाटरोड_८८ | सोमवार, दुपारी २:०५

बटणदार नाही. पण मुद्दा तोच राहतो, माणूस बघून ठरवतात.

सिव्हिल_लाइन्सचा_वकील | सोमवार, दुपारी २:३१

माणूस बघून ठरवतात यालाच माझा आक्षेप आहे. आज तुम्हाला बघून सोडलं, उद्या तुमच्याकडे काम करणाऱ्या पोराला त्याच चाकूसाठी बसवून ठेवतील. असो, हा वेगळा धागा होईल.

रानवाटा_मृण्मयी | सोमवार, संध्याकाळी ६:४५

सगळे पुरुष मंडळी बटणावरच अडकलीत! मी वापराचं लिहिते. नर्सरीचं काम आहे माझं, आणि सुट्टीत पेंच, रामटेक, अंबाखोरीकडे भटकंती. चाकू रोज लागतो: कलमं, सुतळी, खताची पोती, ठिबकच्या नळ्या.

फुटाळा भाऊ, पात्याचं पोलाद बघा आधी. आपल्याकडे उन्हाळ्यात काही गंजत नाही, पावसाळ्यात सगळं गंजतं. डी२ टूल स्टील धार छान धरतं. त्यात साधारण बारा टक्के क्रोमियम असतं, पण पूर्ण स्टेनलेस म्हणता येत नाही. जुलैत ओल्या खिशात राहिला की ठिपके पडतात. १५४सीएम किंवा एस३०व्ही असेल तर निश्चिंत. एस३०व्ही पावडरपासून बनवलेलं पोलाद, त्यातल्या व्हॅनेडियममुळे धार फार टिकते. पण एकदा गेली की घरच्या साध्या दगडावर परत आणताना घाम निघतो, हिऱ्याचा दगड लागतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या नकलांवर "डी२" कोरलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. कोरायला काय लागतं.

माझ्या खिशात व्हिक्टोरिनॉक्स असतो, अ‍ॅल्युमिनियमच्या मुठीचा. लॉक नाही, स्प्रिंग उडत नाही, कोणी बघून दचकत नाही. घरी ओपिनेलचा ८ नंबर आहे, साधं कार्बन पोलाद. साडेआठ सेंटिमीटरचं पातळ पातं, काहीही कापतं. फक्त दोन गोष्टी. त्याने संत्रं किंवा लिंबू कापलं की पातं काळं पडतं (बावाजी, कलम करताना संत्र्याची फांदी चाकूनेच कापावी लागते बरं!). आणि पावसात लाकडी मूठ फुगते, पातं उघडतच नाही. जवसाचं तेल मुठीत मुरवून ठेवलं तर फुगणं बरंच कमी होतं.

हातात मोजा असताना एका हाताने उघडता येणं ही ऑटोची खरी सोय, हे मान्य. पण तेवढ्यासाठी पात्याला भोक किंवा खुंटी असलेला साधा फोल्डिंग पुरतो.

बावाजी_इतवारी | सोमवार, संध्याकाळी ७:०२

ताई, कलम केल्याशिवाय संत्रं येत नाई, हे आपल्याले पटलं. माघार.

टूलरूमवाले_काका | सोमवार, रात्री ८:३०

मृण्मयीताईंचं पोलादाचं बरोबर आहे. इतवारीच्या लोहा ओळीत पूर्वी ट्रकच्या पाट्यांपासून बनवलेल्या सुऱ्या मिळायच्या. ते स्प्रिंगचं पोलाद चिवट, धार झटपट लागते आणि झटपट जाते. रोज दगडावर फिरवायची तयारी असेल तर त्यासारखं दुसरं नाही.

संग्रहाचं म्हणाल तर मला एक सुचतं. प्रो-टेक ही कॅलिफोर्नियातली कंपनी ऑटोमॅटिकसाठी नावाजलेली आहे, आणि त्यांचाच मालिबू नावाचा एक चाकू आहे. त्याला बटणाचं लॉक आहे, पण उडवणारी स्प्रिंगच नाही. मागचा छोटा पंख बोटाने ढकलला की पातं बेअरिंगवर उघडतं, बटण दाबून मिटवायचं. मी वर सांगितलेली ती खाच, तो उतार, ती पिन, सगळं त्यात तसंच आहे. यंत्रणा बघायची हौस असेल तर अर्धी हौस तिथेच भागते.

सिव्हिल_लाइन्सचा_वकील | सोमवार, रात्री ९:१०

काका, कल्पना चांगली. मात्र बटण बाहेरून दिसतंच. "स्प्रिंग नाही साहेब" हे रस्त्यात उघडून दाखवायचं का? घरी ठेवायला हरकत कमी, फिरायला नको, आणि बाहेरून मागवताना कलम १० चा प्रश्न तसाच.

कामठीकर_फौजी | सोमवार, रात्री ९:४४

संग्रहाचंच म्हणाल तर अजब बंगल्यात जाऊन या. १८६३ चं संग्रहालय आहे आपलं, शस्त्रांचं दालन आहे. रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून परत आणली, तेव्हा सगळ्यांना कळलं की तिचं पातं युरोपातलं आहे. म्हणजे परदेशी पोलादाचं वेड नागपूरकरांना आजचं नाही.

डॅलसवासी_धंतोली | मंगळवार, पहाटे ६:१५

फौजीसाहेब, हे भारी. काका, एक कामाचा प्रश्न. माझा समोरून येणारा दर दोन-चार खटक्यांनी अर्ध्यावर थांबतोय. खोलायला भीती वाटते, स्क्रू वेगळ्याच आकाराचे आहेत. तेल टाकू का?

टूलरूमवाले_काका | मंगळवार, सकाळी १०:५५

शिलाई मशीनचं तेल अजिबात नको. ते मळ धरून ठेवतं आणि आत चिखल होतो. आधी पातं बाहेर काढून, टोक खाली धरून, दाबाच्या हवेने आतली धूळ उडवा. मग लवकर उडून जाणारा क्लीनर थोडा सोडा, खटका काही वेळा चालवा, पुसून पूर्ण वाळू द्या. नंतर कोरडं वंगण, पीटीएफई (टेफ्लॉन) असलेलं, अगदी थोडं. बहुतेक वेळा एवढ्यात चालू होतो. खटका चालवताना अंगठा अर्ध्यावर ढिला सोडू नका, एका दमात पूर्ण ढकला. नवख्या हातात निम्मे चाकू त्यामुळेच अडकतात. तरी अडकला तर कंपनीकडे पाठवा, स्वतः खोलला तर वॉरंटी जाऊ शकते.

फुटाळ्याचा_वारा | मंगळवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. भावाला कळवलं, ऑटो आणू नकोस. त्याऐवजी हिऱ्याचा दगड आण म्हटलं, तो हसला. खिशासाठी मृण्मयीताईंचा मार्ग, अ‍ॅल्युमिनियमवाला व्हिक्टोरिनॉक्स इथूनच बिलासकट घेतोय. बुटीबोरीत खोक्यांना कंपनीचाच सरकपात्याचा कटर वापरेन.

पण काका, पिन आणि खाचेचं ते डोक्यातून जात नाहीये. मोठ्या मापात, पात्याच्या जागी नुसती बोथट पट्टी लावून, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या दोन प्लेटांमध्ये ते मॉडेल करता येईल का? स्प्रिंग कशी उडवते ते दिसलं पाहिजे, बस. कंपनीत लेसर कटिंग आहे, परवानगी मिळेल.

टूलरूमवाले_काका | मंगळवार, रात्री ९:५८

येईल की. चारपट माप घ्या. पिन पितळेची चालेल, पण खाचेची पट्टी पोलादाचीच हवी, अ‍ॅक्रिलिकची खाच चार खटक्यांत चुरगळेल. उतार सात-आठ अंशांपासून सुरू करा, अडकतंय की घसरतंय बघा, मग कमीजास्त करा. स्टॉप पिनच्या मागे रबर लावा, नाहीतर प्लेट तडकेल. ड्रॉइंग काढलं की इथेच टाका, मापं मी बघून देतो.

रानवाटा_मृण्मयी | बुधवार, सकाळी ७:४०

आणि धार लावण्यावर कोणीतरी वेगळा धागा काढा. कलमाच्या चाकूला एकाच बाजूने धार असते, तिचं काय करायचं ते मला विचारायचं आहे.